ओवाळणी आणि एबी फॉर्म

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष, जिल्हाध्यक्ष आणि उमेदवाऱ्या ठरवणाऱ्या संसदीय मंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,



"मालक काय करतात?"

जिल्हा परिषदेच्या उमेदवारीसाठी मुलाखत द्यायला गेले, तेव्हा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. साल 2017, जानेवारी महिना. वेळ दुपारी तीनची दिली होती, नंबर लागला रात्री पावणेनऊला. आमच्या गावाकडची शेवटची एसटी साडेसहाला सुटून गेली होती. हातात फाइल होती. सरपंच म्हणून पाच वर्षांत काय केलं, त्याचे कागद त्यात लावले होते: नळपाणी योजनेचं थकलेलं वीजबिल कसं फेडलं, घरपट्टीची वसुली कुठून कुठे नेली, अंगणवाडीची खोली किती पैशांत उभी केली. टेबलापलीकडे पाच जण बसले होते. फाइल कोणी उघडली नाही.

"शेती करतात," मी म्हटलं.

"मग त्यांना नाही आणलं?"

"उमेदवारी मी मागतेय."

यावर हशा पिकला. वाईट मनाने हसले असं नाही म्हणणार. लहान पोराने मोठं काही बोललं की हसतात ना, तसं. मग दुसऱ्याने विचारलं, खर्च किती करू शकाल? आणि तिसऱ्याने, जे वयाने मोठे होते आणि माझ्याशी खरोखर आपुलकीने बोलत होते, त्यांनी समजावलं, "ताई, तुमचा गट तर सर्वसाधारण आहे. महिलांसाठी निघाला की बघू आपण."

पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे पक्ष हे पत्र बाजूला ठेवतील, आणि मला ते सगळ्यांनी वाचायला हवं आहे. नंतरच्या वर्षांत वेगवेगळ्या पक्षांत काम करणाऱ्या बायांशी बोलले. खोली तीच, टेबल तेच, पहिला प्रश्नही तोच.

त्या रात्री घरी पोचायला साडेअकरा झाले. वाटेत डोक्यात एकच शब्द घोळत होता: सर्वसाधारण. कायद्याच्या पुस्तकात त्याचा अर्थ साधा आहे. जी जागा कोणासाठीही राखून ठेवलेली नाही, ती सगळ्यांची. बाईचीही. तुम्ही मात्र तो शब्द 'पुरुष राखीव' असा वाचता. आरक्षणाच्या सोडतीची चिठ्ठी निघते, 'सर्वसाधारण महिला' असं पुकारलं जातं, आणि सभागृहात बसलेल्या इच्छुकांचे चेहरे पडतात. त्यातले निम्मे घरी जाऊन बायकोला सांगतात, "उद्या फोटो काढायला तयार राहा, बॅनरला लागेल." पुढच्या सोडतीत तीच जागा 'सर्वसाधारण' निघाली की पाच वर्षं काम केलेली बाई आपोआप बाजूला होते. तिला जा म्हणून कोणी सांगत नाही. फक्त मुलाखतीला बोलावत नाहीत.

आता थोडा हिशेब मांडते, कारण हिशेब तुम्हाला आवडतो.

73वी आणि 74वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि पंचायती, नगरपालिकांत एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या. देशातलं पहिलं महिला धोरण 1994 मध्ये आपल्या राज्याने आणलं. 2011 मध्ये स्थानिक संस्थांतला महिलांचा वाटा आपण निम्मा केला. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायतींत, शिवाय पंचायत समित्यांत, जिल्हा परिषदांत, पालिकांत बाया बसताहेत, अंदाजपत्रकं वाचताहेत, ठेकेदारांशी भांडताहेत. कायद्याने सक्ती केली तिथे तुम्हाला हजारो उमेदवार सापडल्या. एकही प्रभाग 'महिला मिळाली नाही' म्हणून रिकामा राहिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि जिथे सक्ती नाही तिथे? 2024 च्या विधानसभेला राज्यात 4136 उमेदवार उभे होते, त्यात महिला 363. निवडून आल्या 21. सभागृह 288 चं. त्याआधी 2019 मध्ये 24 होत्या, 2014 मध्ये 20. दहा वर्षांत आपण एका आमदाराने पुढे सरकलो. लोकसभेला 2024 मध्ये 48 पैकी सात जणी गेल्या. महाराष्ट्र राज्य 1960 मध्ये झालं आणि आजवर मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत एकही बाई बसलेली नाही. शेजारच्या चिमुकल्या गोव्यात शशिकलाताई काकोडकर 1973 मध्येच मुख्यमंत्री झाल्या होत्या. त्या वडिलांच्या मागे आल्या हे खरं, पण वडिलांच्या मागे आलेले मुलगे आपल्याकडे काही कमी नाहीत, आणि त्यांना कोणी ते विचारत नाही.

माझ्या जिल्ह्याचंच घ्या. जिल्ह्याला तुम्ही अहिल्यादेवींचं नाव दिलंत, चांगलं केलंत. त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त मे 2025 मध्ये चौंडीला मंत्रिमंडळाची बैठकही झाली. त्या अहिल्यानगर जिल्ह्यात विधानसभेच्या बारा जागा आहेत. 2024 मध्ये त्यातून किती महिला आमदार झाल्या? एक.

त्याच निवडणुकीच्या तोंडावर आम्ही सगळ्या एकदम लाडक्या झालो होतो. जुलै 2024 पासून 'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला 1500 रुपये. मग विरोधकांनी 3000 चं आश्वासन दिलं, सत्ताधाऱ्यांनी 2100 चं. मी या पैशांना नावं ठेवणार नाही. माझ्या वस्तीवरच्या बायांनी त्यातून गॅसच्या टाक्या भरल्या, पोरांच्या क्लासची फी भरली, एकीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं बँक पासबुक हातात धरलं. ज्यांना 1500 रुपये किरकोळ वाटतात, त्यांनी रोजावर खुरपायला जाऊन बघावं. पण 'बहीण' हा शब्द तुम्ही निवडलात म्हणून बहिणीच्याच नात्याने बोलते.

आपल्याकडे भाऊ बहिणीला भाऊबीजेला ओवाळणी घालतो. आणि बाप गेला की तोच भाऊ तिला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतो. बहीण करते सही. माहेर तुटू नये म्हणून करते. येताना भाऊ साडी घेतो, गाडीभाडं देतो, सगळे म्हणतात भाऊ सोन्यासारखा आहे. कायद्याने जमिनीत भावाइतकाच वाटा तिचा होता, हा विषय चहाबरोबर संपतो. तुमच्या पक्षांत आमचं तेच चाललं आहे. ओवाळणी खात्यात जमा होते, पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म भावाच्या खिशात जातो.

हे जमिनीचं मी उगीच काढलेलं नाही. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. शेतकऱ्यांच्या बाया लाखाने जमल्या. तिथून बायांनी ग्रामपंचायती लढवाव्यात, पूर्ण पॅनल बायांचं असावं, अशी भाषा सुरू झाली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात 1989 मध्ये ग्रामपंचायतीवर सगळ्या बायाच निवडून आल्या. तेव्हा घटनादुरुस्ती नव्हती, महिला आरक्षणाच्या चिठ्ठ्या नव्हत्या. पुढे त्याच गावात संघटनेच्या 'लक्ष्मी मुक्ती' कार्यक्रमात पुरुषांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. जमीन आणि खुर्ची या दोन गोष्टी एका दावणीला बांधलेल्या आहेत, हे त्या गावाने ओळखलं होतं. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या शेतीविषयक मतांशी माझे मतभेद आहेत, पण हे श्रेय त्यांचं.

आता तुमचा ठरलेला शब्द: निवडून येण्याची क्षमता. 'महिला निवडून येत नाहीत हो, आमची इच्छा आहे पण...' या 'पण'च्या पुढचं वाक्य मला पाठ आहे. त्याला दोन उत्तरं देते.

एक मुंबईतलं. रिखिल भावनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेच्या 1997 आणि 2002 च्या निवडणुकांचा अभ्यास केला. प्रभागांचं आरक्षण चिठ्ठीने ठरतं, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. जो प्रभाग आधीच्या खेपेला महिलांसाठी राखीव होता आणि नंतर खुला झाला, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधीच्या खेपेला राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट निघाली. मतदार तोच, शहर तेच. फरक इतकाच की त्या प्रभागात बाई नगरसेवक लोकांनी एकदा पाहिली होती, आणि पक्षांनाही एक चालता-बोलता उमेदवार हाताशी मिळाला होता. म्हणजे क्षमता आभाळातून पडत नाही. तिकीट दिलं की ती तयार होते.

दुसरं उत्तर गोरेगावचं, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मृणाल गोरे 1961 मध्ये महापालिकेत गेल्या, 1972 मध्ये विधानसभेत, 1977 मध्ये लोकसभेत. पाण्याच्या नळांसाठी भांडून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा आजही जुन्या लोकांच्या ओठांवर आहे. बघा, एक एक पायरी. वॉर्ड, मतदारसंघ, संसद. त्या काळी ही शिडी एका बाईला चढता आली. आज खालच्या पायरीवर हजारो जणी उभ्या आहेत आणि पुढची पायरीच कोणीतरी काढून ठेवली आहे. पुरुष सरपंच पंचायत समितीत जातो, सभापती होतो, कारखान्यावर संचालक होतो, मग आमदारकीला त्याचं नाव चर्चेत येतं. याला तुम्ही 'अनुभव' म्हणता. बाई सरपंचाची मुदत संपते, तेव्हा तिला नारळ आणि शाल देता.

आणि मुदतीतसुद्धा तिला सुखाने काम करू देत नाहीत, हेही इथेच सांगून टाकते. सरपंचाचे पती हे पद कुठल्याच अधिनियमात नाही, तरी तालुक्याच्या आढावा बैठकीला ते पुढच्या रांगेत बसलेले असतात. आता ग्रामपंचायतीचे पैसे ऑनलाइन निघतात, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्या सहीचं डोंगल किती सरपंच बायांनी स्वतःच्या हातात धरलंय, ते एकदा तुमच्याच कार्यकर्त्यांना विचारा. माझ्या वेळी चेकबुक होतं, ते पहिले चार महिने आमच्या यांच्या खिशात होतं. पाचव्या महिन्यात एका मुरमाच्या बिलावर माझी सही झालेली मला प्रोसिडिंग वाचताना कळली. त्या रात्री घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशीपासून चेकबुक माझ्या पर्समध्ये आलं. गंमत म्हणजे नंतर हेच माझे सगळ्यात मोठे समर्थक झाले. लोक विचारायचे, तेव्हा म्हणायचे, "मॅडमला भेटा, मला त्यातलं काही कळत नाही." केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने 2025 मध्ये अशा पतीराजवर जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस केली. होईल तेव्हा होईल. पण तुमच्या तालुकाध्यक्षाने सरपंच बाईऐवजी तिच्या नवऱ्याला फोन करणं थांबवायला कुठल्या समितीची वाट बघायची?

आणि गावच बाईच्या बाजूने नसलं तर तिचं काय होतं ते जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये लिहून ठेवलं आहे. सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते, या तक्रारीवरून त्यांना पदावरून काढलं होतं. न्यायालयाने पद परत दिलं, आणि बाई सरपंच झाली हे गावाला पचलं नाही असं स्पष्ट नोंदवलं. त्यासाठी एका गावच्या सरपंचाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. सगळ्यांना जमेल का?

असे अपात्रतेचे नियमही बघा जरा. 2001 च्या सप्टेंबरनंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. लोकसंख्येसाठी केलेला नियम आहे, असेल. पण किती मुलं व्हावीत हे माझ्या गावातली किती बायका ठरवतात? मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही हे सासू ठरवते आणि अपात्र सून होते. आणि हाच नियम आमदार-खासदारांना का नाही, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. जातीच्या दाखल्याचंही तसंच. बाईचा दाखला निघतो माहेरच्या कागदांवर. लग्नाला वीस वर्षं झालेली, नाव बदललेलं, वडील वारलेले, आणि शाळा सोडल्याचा दाखला भावाच्या पेटीत. ज्या भावाने हक्कसोड करून घेतलेलं असतं त्याच्याच दारात जाऊन कागद मागायचे, तेही अर्ज भरायच्या चार दिवस आधी.

तेव्हा मागणं काय आहे? फार नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये संसदेने लोकसभा-विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा केला आणि तेव्हाच त्याला जनगणना व मतदारसंघ पुनर्रचना या दोन अटी बांधल्या. तुम्ही बहुतेक सगळ्यांनी बाकं वाजवून पाठिंबा दिलात. पण उमेदवारी द्यायला कायदा कशाला लागतो? 2019 च्या लोकसभेला ओडिशात बिजू जनता दलाने 21 पैकी सात तिकिटं महिलांना दिली आणि त्यातल्या पाच निवडून आल्या. बंगालमध्ये तृणमूलने 42 पैकी 17 दिली, नऊ जणी आल्या. कुठलंही कलम त्यांना बांधून नव्हतं. फुले-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही, अशा महाराष्ट्रातल्या एकाही मोठ्या पक्षाने विधानसभेला तिसरा हिस्सा दिलेला नाही.

आणि द्याल तेव्हा जिथे तुम्ही चार वेळा आपटलात त्या जागा आमच्या गळ्यात मारू नका. 'लढवायची म्हणून' दिलेली जागा हरल्यावर तीच पुढे आमच्या नालायकीचा पुरावा होते.

एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला देण्याची तुमची रीत मला समजते. बंडखोरी टाळायची असते. पण रात्रभर हॉटेलांच्या लॉबीत बसून फॉर्मवर नजर ठेवायची, पहाटे कोणाच्या तरी बंगल्यावर जायचं, हे बाईला जमत नाही, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी गावात तिच्याबद्दल काय बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे. तुमचेच कार्यकर्ते बोलतात. त्यांच्यातल्या एकाला जरी पक्षाने त्यासाठी काढलं, तरी शंभर जणी उद्या अर्ज करतील. सहा महिने आधी सांगा की या मतदारसंघात ही बाई. ती घरोघर जाईल. तेवढं आम्हाला येतं. हळदीकुंकवाला आणि बचतगटाच्या वसुलीला आम्ही आयुष्यभर घरोघर जातच आलो आहोत.

पैशांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर पत्र खोटं ठरेल. विधानसभेला खर्चाची मर्यादा 40 लाखांची. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ती गहाण काय ठेवणार? बँक तिला सोनं मागते, आणि ते लग्नातलं सोनं आधीच कुठल्यातरी दिराच्या ट्रॅक्टरमध्ये गेलेलं असतं. पक्षाकडे निधी येतो. त्यातला महिलांच्या उमेदवारीसाठी वेगळा काढा आणि तो धनादेशाने तिच्या खात्यात द्या. नवऱ्याच्या नाही.

घराण्यातल्या लेकी-सुनांवर माझा राग नाही. त्यातल्या काही जणी पुरुषांपेक्षा सरस निघाल्या, मी त्यांच्या सभांना गेलेय. पण 288 चा तिसरा हिस्सा म्हणजे 96 जागा. ज्या दिवशी तो कायदा लागू होईल, त्या दिवशी या 96 जणी कुठून आणणार? आजपासून तयारी नाही केली तर बॅनरवर पुन्हा तुमच्याच दिवाणखान्यातले फोटो लागतील.

आमच्यातही खोट आहे, नाही असं नाही. मी स्वतः 2017 मध्ये अपक्ष उभी राहिले नाही. पैसा नव्हता हे खरं, पण धीरही नव्हता. सासरे म्हणाले, "पक्षाने नाही म्हटलं, आता शोभा कशाला करून घ्यायची," आणि मला ते पटलं. आज पटत नाही. बायाच बाईला मत देत नाहीत, असं म्हणतात. माझ्या प्रभागात तरी तसं झालं नव्हतं. त्या म्हणायच्या, "तू उभी राहा गं, मी नवऱ्याला सांगणार नाही कुणाला दिलं ते."

त्या मुलाखतीनंतर गटाचं पुढे काय झालं तेही सांगते. जिल्हा परिषदेची मुदत 2022 मध्ये संपली आणि प्रशासक बसला. मुंबई महापालिकेतही तेच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून बजावावं लागलं. एवढी वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, म्हणजे जिथे आमचा निम्मा वाटा होता नेमकं तेच दार बंद होतं. त्यावर कुठल्या पक्षाने मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

सोबत माझा अर्ज जोडते आहे. विधानसभेसाठी, सर्वसाधारण मतदारसंघातून. तुमच्या छापील नमुन्यात 'पतीचे नाव व व्यवसाय' असा रकाना आहे, तो मी भरला आहे. 'उमेदवाराचा अनुभव' या रकान्याला दीडच ओळ ठेवली होती, म्हणून वेगळा कागद लावला आहे. जुनी फाइलही पुन्हा देते आहे. या वेळी कोणीतरी उघडावी.

मुलाखतीची तारीख कळवावी. वेळ शक्यतो सकाळची ठेवावी. आमच्याकडची शेवटची एसटी अजूनही साडेसहाचीच आहे.

आपली,
एक माजी सरपंच
अहिल्यानगर जिल्हा